तळं आटल्यावर आलेली वहिनी

त्या शहराचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पण तिथे कधी यावं, हे पर्यटन कार्यालयाच्या काउंटरवरच्या बाई झोपेतसुद्धा सांगू शकल्या असत्या. "पाऊस ओसरला की या. तळं काठोकाठ भरलेलं असतं. उन्हाळ्यात मात्र चुकूनही नको. तळं आटतं, नुसती धूळ."

या बाईंचं घरचं नाव ठकी. आईवडील गेल्यावर तिला वाढवलं ते वहिनीने, पोटच्या पोरीसारखं. वहिनीला ऐकू कमी यायचं, म्हणून ती बोलायची ते गल्लीच्या टोकाला कळायचं. दर वर्षी ती फोनवर ओरडायची, "ठके, येऊ का गं तुझं शहर बघायला?" आणि ठकीचं उत्तर दादा तिला शेजारी बसून खुणांनी सांगायचा. पावसाळ्यात काय, तर रस्ते निसरडे; थंडीत सांधे धरतील. आणि पाऊस ओसरला की, ज्या दिवसांत ठकी साऱ्या जगाला आवतण द्यायची, त्याच दिवसांत वहिनीला मात्र, "गर्दी फार आहे गं, पुढच्या वेळी बघू."

खरं कारण तिने स्वतःलाही कधी धड सांगितलं नाही. वहिनीचा तो आवाज इथल्या गुळगुळीत फरशीवर घुमेल, याची तिला लाज वाटायची.

शेवटी वहिनीने विचारणंच सोडलं आणि भर उन्हाळ्यात ती थेट कार्यालयाच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी, चेहरा उन्हाने लालबुंद. नेमके त्याच दिवशी मोठे साहेब पाहणीला आले होते.

"ठके! अगं किती वाळलीस!"

सगळ्या माना वळल्या. साहेबांनी हसून विचारलं, "कोण या?"

ठकीच्या तोंडून शब्द निसटले, "गावच्या आहेत. आमच्याकडे कामाला होत्या."

वहिनी हसत होती, ती तशीच थांबली. मग कोपऱ्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन गुपचूप बसली. कुणी पाणी दिलं, तर ते उभं राहून प्याली. 'बरं झालं, ऐकू गेलं नाही,' असं ठकीने मनाला बजावलं.

संध्याकाळी घरी ठकी चहा टाकायला उठली, तर वहिनी आधीच ओट्याशी. "तू बस," ठकी म्हणाली.

"असू दे. मी कामाचीच बाई ना?"

ठकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाली, "कान गेलेत गं, डोळे नाही. ओठ कळतात मला. तू बोलायला शिकलीस तेव्हापासून तुझेच बघत आलेय."

आयुष्यात पहिल्यांदा वहिनी हळू बोलली होती. ठकीने तिचे पाय धरले, रडली. "उद्या साहेबांना खरं सांगते," म्हणाली.

"नको. त्यांच्यापुढे पुन्हा माझा विषय कशाला?" वहिनीने पाय सोडवून घेतले, पण चहा मात्र दोघींसाठी ओतला.

सकाळी वहिनीला तळं बघायचं होतं. भेगाळलेल्या मातीत ती चप्पल काढून आत पार मधोमध गेली आणि तिथून ओरडली, "ठके, ये ना! तळाला पायऱ्या आहेत बघ!" काठावरचे दोघे-तिघे वळले, आणि ठकीची मान आपोआप खाली गेली. रात्रभर रडूनही! स्वतःचीच किळस आली तिला. मग ती खाली उतरली खरी, पण जरा उशिराच.

वहिनी गावी परतल्यावर तिने साहेबांना गाठलं. "त्या दिवशी आलेल्या बाई माझ्या वहिनी होत्या. मी खोटं बोलले."

"कोण?" साहेबांना आठवेचना. "बरं, बरं," म्हणत ते फाइलकडे वळले. ठकी तिथेच उभी राहिली. ज्यांच्यासाठी वहिनीला मोलकरीण केलं, त्यांना तिचा चेहराही आठवत नव्हता.

वहिनी पुढेही येत राहिली, दर उन्हाळ्यात, न विचारता. हसायची, रागवायची, घर दणाणून सोडायची. पण गाडीतून उतरली की सरळ घरी. कार्यालयाच्या रस्त्याला ती पुन्हा कधी फिरकली नाही, आणि 'चल' म्हणायचं तोंड ठकीला राहिलं नव्हतं.