मंदा बिराजदारची भिंत

मंदा बिराजदार आमच्या खोलीत पहिल्यांदा आली ती हातात एक काळा दगड घेऊन. २०१७चा फेब्रुवारी होता, ऑकलंडचा ऐन उन्हाळा. इंजिनिअरिंगच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आम्हा पीएचडीवाल्यांची एक लांबट खोली होती आणि दारावर सगळ्यांच्या नावांच्या पट्ट्या होत्या. माझं नाव वाचून ती थेट माझ्या टेबलाशी आली आणि मराठीतच म्हणाली, "प्रमोद सर, हे बघा. दगड आपलाच हाय."

रस्त्याचं खोदकाम चाललं होतं तिथल्या माणसाकडून तिने तो मागून आणला होता. ऑकलंड जुन्या ज्वालामुखींवर वसलेलं आहे, आणि इथला दगड आपल्याकडच्या काळ्या दगडाचा सख्खा भाऊ शोभेल असा. त्या दगडाचा तिला झालेला आनंद मला तेव्हा कळला नाही. मी पुण्याचा, पाण्याच्या पाइपलाइनींवर काम करणारा. मला वाटलं, नवीन आलीय, घरची आठवण येत असेल.

मंदा लातूरच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. तिशी गाठली होती, लग्न झालेलं नव्हतं. विद्यापीठाची डॉक्टरेटची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून नोकरी सोडून ती आली होती. तिचा विषय ऐकून पहिल्यांदा सगळे जरा गोंधळायचे. दगड आणि चिखलाच्या जाड भिंती भूकंपात कोसळतात. खोकी बांधायला वापरतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची जाळी दोन्ही बाजूंनी आवळून बांधली तर त्या तग धरतील का, हे तिला पाहायचं होतं. जाळीची कल्पना तिची नव्हती, जपानात ती आधीच करून पाहिलेली होती. पण मराठवाड्यात घातल्या जायच्या तसल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींना ती पुरेल का, हे कुणी नीट तपासलेलं नव्हतं.

तिच्या मार्गदर्शक जोअ‍ॅन. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, पावसातही सायकलवर येणाऱ्या. त्यांनी विषय ऐकून एवढंच विचारलं, "भिंत कोण बांधणार?"

"मी," मंदा म्हणाली.

आणि तिने बांधली. पहिलं वर्ष वाचनात आणि आकडेमोडीत गेलं, दुसऱ्या वर्षी संशोधक विद्यार्थ्यांसाठी असलेल्या निधीतून दगड आणि माती आली. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात चिखल तुडवायचा होता. शुक्रवारी दुपारी तिने आख्ख्या खोलीला हाक दिली. चिलीचा माणूस, इराणच्या दोघी, एक सामोअन मुलगी, मी, सगळे जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढून, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरलो. मंदा वरून गवताच्या काड्या टाकायची आणि ओरडायची, "अरे, नाचू नका, दाबा!" मग तेच इंग्रजीत. मग हसू आवरत नाही म्हणून स्वतःच कडेला बसायची. संध्याकाळी समोरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, काडीवरचे आइसब्लॉक आणून, पाय धुऊन आम्ही अंगणात उन्हाला बसलो. पीएचडीची ती वर्षं आठवली की मला अजून सगळ्यात आधी तीच दुपार दिसते. सगळे आपापल्या विषयात एकटे पडलेले लोक, आणि त्या एका दिवशी सगळ्यांचे पाय एकाच चिखलात.

प्रयोगशाळेत टामा नावाचा तंत्रज्ञ होता. माओरी, धिप्पाड, आवाज मात्र अगदी मऊ. रोज "किया ओरा, इंजिनिअर" म्हणून मंदाचं स्वागत करायचा. भूकंपासारखी हलणारी मोठी लोखंडी फळी त्याच्या ताब्यात होती. त्यावर मंदाने दोन भिंती घालायचं ठरवलं होतं. पहिली साधी, दुसरी जाळीची.

पहिल्या भिंतीच्या दिवशी आम्ही सगळे काचेमागे उभे होतो. मंदाने हात वर करून इशारा दिला. फळी हलू लागली. भिंत आधी फुगली, मग तिचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि सगळे दगड एकदम खाली आले. केवढा आवाज झाला! धूळ बसेपर्यंत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कारण भिंत अगदी आकडेमोडीप्रमाणे पडली होती. जोअ‍ॅननी वळून पाहिलं तर मंदा जागेवर नव्हती.

ती मला सायकल लावायच्या जागी सापडली, जमिनीवर बसलेली.  मी शेजारी बसलो. मग ती बोलू लागली.

"माझं गाव किल्लारीच्या शेजारी, प्रमोद. मी सहा वर्षांची होते. गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. मी आईजवळ दाराशी होते, सागर आणि आजी आत भिंतीशी. सागर माझा धाकटा भाऊ. चार वर्षांचा."

पुढे काही सांगायची गरज नव्हती.

"मला वाटायचं, तो आवाज मी विसरलेय," ती म्हणाली. "सगळं आठवायचं, आवाज नाही आठवायचा. आज आला."

सव्वा वर्ष ती आमच्यासोबत होती आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. अर्जातसुद्धा किल्लारीचा उल्लेख फक्त संदर्भापुरता होता.

दुसऱ्या दिवसापासून मंदा यायची बंद झाली. फोन उचलेना. फ्लॅटवर गेलो तर दार उघडायची, चहा करायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. एकदा म्हणाली, "जावं परत. पॉलिटेक्निकवाले घेतील मला."

त्यानंतर जे झालं ते पाहून विद्यापीठ नावाच्या गोष्टीबद्दल माझं मत बदललं. तोवर माझ्या लेखी विद्यापीठ म्हणजे लायब्ररीचं कार्ड आणि मुदतींच्या ईमेल. मंदाला विचारून मी जोअ‍ॅनना आणि टामाला सगळं सांगितलं. जोअ‍ॅन स्वतः ग्रॅज्युएट सेंटरमध्ये जाऊन बसल्या आणि मंदाला मुदत वाढवून मिळेल, शिष्यवृत्ती थांबणार नाही, हे पक्कं करूनच उठल्या. तिथल्या सल्लागार बाईंनी तिला समुपदेशकाकडे नेलं, नुसतं पाठवलं नाही, पहिल्या दिवशी सोबत गेल्या. बुधवारी सकाळी आमचा लिहीत बसण्याचा गट जमायचा, दोन तास कुणी बोलायचं नाही असा नियम. तिथली मंदाची खुर्ची आठवडेच्या आठवडे रिकामी राहिली, पण ती कुणी दुसरीकडे ओढून नेली नाही. सामोअन मुलगी, तिचं नाव सिना, दर बुधवारनंतर मंदाला मेसेज करायची. कामाचं काही नाही. आज पाऊस आहे, आज चिलीवाल्याने कॉफी सांडली, असलंच.

आणि टामा. तो एका शनिवारी फिजोआ फळांची पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. मी तिथेच होतो.

"चूक आमची झाली," तो म्हणाला. "आमच्यात असलं काम सुरू करण्याआधी कराकिया म्हणतात, प्रार्थना. मी ती म्हटली नाही. मला वाटलं, नुसते दगड आहेत."

"तुम्हाला काय माहीत होतं?" मंदा म्हणाली.

"आता माहीत आहे. दुसऱ्या भिंतीच्या वेळी मी म्हणेन. तुझे शब्द तू आण."

 मंदाने फळं ठेवून घेतली. दोन आठवड्यांनी बुधवारी सकाळी ती आली, खुर्चीवर बसली आणि दोन तास काहीतरी लिहीत राहिली. कुणी काही विचारलं नाही. नियमच होता ना!

दुसरी भिंत तिने जास्त सावकाश घातली. दर थरानंतर थांबायची, हात फिरवून बघायची. चाचणीच्या दिवशी टामा फळीसमोर उभा राहिला आणि त्याने माओरीत प्रार्थना म्हटली. मग सगळ्यांनी मंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला प्रार्थना येत नाही. नावं येतात." आणि तिने आजीचं नाव घेतलं, सागरचं घेतलं, मग त्यांच्या गल्लीतलं एकेक नाव घेत गेली. कोण कुणाचं कोण, आम्हाला कळत नव्हतं. जोअ‍ॅन मान खाली घालून उभ्या होत्या.

फळी हलली. भिंत फुगली, चिरा पडल्या, चिखलाची ढेकळं गळून पडली. तरी जाळीने दगड धरून ठेवले. टामाने धक्के वाढवत नेले. भिंत वाकली, वेडीवाकडी झाली, पण उभी राहिली. मंदा एकदम पुढे निघाली, तिला भिंतीच्या मागच्या बाजूला, आतल्या अंगाला जायचं होतं. टामाने आडवा हात घातला. "टेका लावल्याशिवाय नाही, इंजिनिअर." टेके लागेपर्यंत ती तिथेच ताटकळत राहिली. मग आत गेली आणि भिंतीला लागून जमिनीवर बसली, चार वर्षांचं मूल जिथे झोपलं असतं तिथे. आम्ही बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

पुढे कोविड आला, सीमा बंद झाल्या. शेवटची प्रकरणं मंदाने फ्लॅटमध्ये एकटीने लिहिली, तोंडी परीक्षा स्क्रीनवर दिली. त्या वर्षीच्या उत्तम प्रबंधांमध्ये विद्यापीठाने तिचा प्रबंध निवडला आणि बक्षीस दिलं. पण तिने आपलं पदवीदान पुढे ढकलायला लावलं, आईला येता येईपर्यंत. ते जमायला २०२३ उजाडलं.

मंदाच्या आई आल्या, आमच्या मावशी. इरकली साडी, त्यावर माझं जुनं पफर जॅकेट. मिरवणुकीत लाल किनारीचा झगा घातलेली मंदा बघून त्या रडल्या नाहीत, टाळ्याही वाजवल्या नाहीत. फक्त पदर सारखा करत राहिल्या. बक्षीस कशाचं, हे त्यांना नीट उमगलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना प्रयोगशाळेत नेलं. टामाने मोठ्या पडद्यावर दुसऱ्या भिंतीचा व्हिडिओ लावला. पहिलीचा नाही.

मावशींनी तो उभ्यानेच पाहिला. "परत लाव की बाबा," त्या मराठीतच म्हणाल्या, आणि टामाला ते समजलं. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या.  मग त्यांनी मंदाला विचारलं, "ह्या पट्ट्या आपल्याकडं मिळतेत का?"

"मिळतात, आई."

"मग आपल्या गोठ्याला बांधून दे. जनावरं भिंतीलाच बसतेत."

मंदाने आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिला तेवढं मोकळेपणाने रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या डिसेंबरात ती गावी गेली. गावकऱ्यांची घरं भूकंपानंतर नवी झाली होती, पण गोठे अजून जुन्याच दगडमातीचे. आधी स्वतःचा गोठा पट्ट्यांनी बांधला, मग शेजारच्यांचा, मग पॉलिटेक्निकची जुनी मुलं आली आणि काम पुढे चालू राहिलं. ती परतली तरी ते थांबलं नाही.

आमची खोली आता नाही. विभाग नव्या इमारतीत गेला, सगळे पांगले. सिना सामोआत आपियाला शिकवते, चिलीवाला परत गेला. मी ऑकलंडातच टाकानिनीला राहतो, काउन्सिलमध्ये पाइपलाइनीच बघतो. मंदा अप्पर हटला असते. तिथून रेल्वेने वेलिंग्टनला जाते, जुन्या विटांच्या इमारती भक्कम करण्याचं काम करते. शार्दूल म्हणून एका सोलापूरकराशी लग्न केलं. त्यांची मुलगी श्रिया आता दीड वर्षाची आहे, मराठी सगळं समजतं, बोलते तेवढे चार शब्द मात्र डे-केअरचे.

या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे दोन दिवस राहिलो. दुपारी जेवत होतो. मंदा भाकरी वाढत होती, श्रिया तिच्या कडेवर. अचानक कपाटातली भांडी किणकिणली आणि टेबलावर टांगलेला दिवा हलू लागला. वेलिंग्टनकडच्यांना याची सवय असते, मला नाही. मी अर्धा उठलो. मंदा होती तिथेच थांबली, श्रियाच्या डोक्यावर हात ठेवून. क्षणभर तिचा चेहरा मी पाहिला आणि नजर काढून घेतली.

मग सगळं थांबलं. श्रिया झुलणाऱ्या दिव्याकडे बोट दाखवून खदखदून हसली आणि ओरडली, "अगेन, आई! अगेन!"

"नको गं बाई," मंदा म्हणाली, आणि तीही हसायला लागली.