मराठी खाली, हिंदी खाली

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या गच्चीवरच्या कँटीनमध्ये थर्मासात चहा भरून घेत होते. "आई, बाबांचा बेड खाली आहे," एवढंच म्हणाली नि फोन ठेवला. मला वाटलं, बरं वाटतंय म्हणून यांना आयसीयूतून खालच्या वॉर्डात आणलं. मी जिना उतरत थेट तळमजल्यावर गेले. खिडक्यांबाहेर गाझियाबादचं दाट धुकं, आणि मी एकेका पलंगाशी थांबून यांचा चेहरा शोधतेय... दिल्लीत वाढलेल्या माझ्या लेकीनं हिंदीतलं 'खाली' म्हटलं होतं. रिकामा. दुसरा शब्द तिच्या तोंडून निघेना. तेवढा वेळ मात्र हे माझ्यापुरते जिवंत होते, बरेसुद्धा झाले होते.

गंमत म्हणजे आमच्या यांचा जन्म असल्याच चुका निस्तरण्यात गेला. सरकारी कचेरीतल्या मेनफ्रेमवर, म्हणजे त्या कपाटाएवढ्या संगणकावर, हे नेटवर्कचं काम बघायचे. नवं सॉफ्टवेअर निरोप नव्या पद्धतीनं मांडायचं, जुनं सॉफ्टवेअर तोच निरोप आपल्या पद्धतीनं वाचायचं. निरोप पोचायचा, अक्षर न् अक्षर तेच, अर्थ भलताच. मग हे जेवताना भातात बोटं फिरवत कुठेतरी हरवलेले... मी म्हणायचे, मशीनचं ऐकता तेवढं माझं ऐका. त्यावर हसायचे. "अगं, नाकारलेला निरोप परवडला. गुपचूप चुकीचा वाचला जातो ना, तो छळतो." उपाय यांचा साधा: प्रत्येक निरोपाच्या कपाळावर आधी लिहायचं, तो कुठल्या पद्धतीचा.

घरातही तेच. मुक्ता म्हणायची डबा खाली आहे, मी ओट्याखाली वाकून शोधायचे आणि वैतागायचे. हे पेपरातून मान वर न करता विचारायचे, "मराठी खाली की हिंदी खाली?" चलो, मिटलं भांडण. हा मधला माणूस गेल्यावर आम्हा मायलेकींचं कसं व्हायचं, याचीच मला धास्ती होती. आणि झालंही तसंच. आम्ही दोघी जपून, थोडंथोडंच बोलू लागलो. त्या फोनबद्दल तर अवाक्षर नाही.

निवृत्तीनंतर हे संध्याकाळी सोसायटीच्या बागेत एका ठरावीक बाकावर बसायचे आणि फोन करून मला बोलवायचे. परवा ऊन कलताना मी उगाच खिडकीशी बसले होते, डोळा लागल्यासारखा झाला... आणि फोन वाजला. मुक्ता होती.

"आई, बाबांचा बाक खाली आहे." जरा थबकली. "हिंदी खाली... आणि मराठी खालीपण. ये ना."

मी थर्मासात चहा भरला आणि जिना उतरले.