शेठ आळीतला चौथा बंगला

तारापूरच्या शेठ आळीत सात बंगले होते. ते कुणी बांधले असं विचारलं की लोक धडाधड सात शेठांची नावं सांगायचे. चिंतूला याचं हसू यायचं. मनोर गावामागच्या रानातला साग तोडून बैलगाड्यांनी इथवर आणला तो त्याच्या आज्यानं आणि आज्याच्या भाऊबंदांनी. शेठांनी मुहूर्ताचा नारळ तेवढा फोडला. पुढे लाकडाच्या व्यापारात बरकत आली, खिडक्यांना रंगीत काचा आल्या, जिन्याला पितळी मुठी आल्या. मग मुलं शिकायला मुंबईला गेली, त्यांच्यापाठोपाठ आया गेल्या, आणि पासष्ट सालापर्यंत आळीत माणसांपेक्षा कुलपं जास्त झाली.

या सातही बंगल्यांची अंगणं झाडायचं काम चिंतूकडे होतं. डोंगरातल्या त्याच्या तुकड्यावर नागली पिकायची, पण ती काही वर्षभर पुरायची नाही. दिवाळी झाली की त्याची बायको बायडी पोरीला काखोटीला मारून वसईकडे वीटभट्टीवर जायची आणि परत यायची ती निम्मी होऊन.

चौथ्या बंगल्यात मात्र मैनाबाई राहायची. ती जुन्नरकडची, तरुणपणी विधवा झाली आणि शेठांकडे स्वयंपाकाला आली. हिच्या हयातीत हा बंगला विकायचा नाही, असं थोरल्या शेठनं मरताना मुलाकडून वचन घेतलं होतं. माडी बंद करून बाई खालच्या दोन खोल्यांत राहायची. चिंतूला रोज चहा द्यायची, तोही घरातल्याच कपात. आळीत दुसऱ्या कुणी त्याला तसा दिला नव्हता.

त्या सुमारास अणुवीज केंद्राचं काम निघालं, बोईसरला कारखान्यांची आखणी झाली. एका ठेकेदाराला बांधकामासाठी साग आणि दगड हवा होता. रिकामे असतील ते बंगले घ्या, असं शेठांच्या मुलांनी मुंबईहून कळवलं. यादी करायला ठेकेदाराचा हिंदी बोलणारा मुनशी आला. भर दुपारी चौथ्या बंगल्याच्या फाटकाशी थांबून त्यानं माडीच्या बंद खिडक्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "इधर कौन रहता है?"

चिंतू आदबीनं म्हणाला, "खाली हाय बाय."

मुनशीनं ऐकलं 'खाली है, भाई'. बंगला रिकामा, असं लिहून तो पुढे निघाला. जाता जाता त्यानं चिंतूला बोईसरच्या लाकडाच्या वखारीत राखणदाराची बारमाही नोकरीही देऊ केली. आता यात चिंतूचा काय दोष? इथवर तरी काहीच नाही.

चार दिवसांनी बोईसरच्या चहाच्या टपरीवर एका ड्रायव्हरनं बाकाकडे बोट करून विचारलं, "ये खाली है क्या?" चिंतूनं वाकून बाकाखाली पाहिलं. टपरीभर हशा पिकला. मग कुणीतरी त्याला त्या शब्दाचा हिंदीतला अर्थ सांगितला, आणि मुनशीनं त्या दुपारी काय लिहून घेतलं ते चिंतूला उमगलं.

मुंबईहून कागद सही होऊन यायला अजून पंधरा दिवस होते. "शेट, तितं बाय रेते," एवढंच मुनशीला सांगायचं होतं. पण मुनशी भडकला असता, नोकरी गेली असती. वीटभट्टीसाठी बायडीनं बांधलेलं बोचकं त्यानं आदल्याच दिवशी सोडायला लावलं होतं. उद्या सांगू, असं तो रोज म्हणाला. आणि रोज मैनाबाईचा चहा प्याला. प्याला तो, उगाच खोटं कशाला बोला!

सोळाव्या दिवशी कामगार कौलं उतरवायला वर चढले. खडखडाट ऐकून मैनाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. तिला पाहून मुनशीही चपापला, पण कागद झाले होते आणि स्वतःची चूक ठेकेदाराला सांगायची त्याची छाती नव्हती. "मालिक ने बेच दिया," म्हणाला.

मैनाबाई रडली नाही. "पोरानं बापाचा शबूद मोडला," एवढंच म्हणाली. "त्याच्या दारात मी आता पाय ठेवायची न्हाई." तिचा भाचा खंडेराव अणुवीज केंद्राच्या कामावर होता. त्याच्याकडे कुंभवलीला ती निघाली. चिंतूनं तिची ट्रंक डोक्यावर घेतली. वाटेत ती म्हणाली, "तूच येक मानूस निघालास रं."

त्या वर्षी बायडी घरी राहिली, पोरीच्या अंगावर मांस चढलं. चिंतूला मात्र अन्न गोड लागेना. चौथ्या बंगल्याच्या तुळया वखारीत येऊन पडल्या होत्या आणि त्यांचीच राखण तो करत होता. त्याला स्वतःची लाज वाटायची. मैनाबाई शेठच्या मुलाला उठताबसता तळतळाट देते, असं एकदा खंडेरावानं सांगितलं. तेव्हा मात्र त्याला राहवेना. आठ महिन्यांनी तो कुंभवलीला गेला आणि मान खाली घालून त्यानं त्या दुपारची हकिकत सांगितली.

मैनाबाई हसू लागली. "आगं सुगंधा, ऐक तरी," म्हणून तिनं भाचेसुनेला हाक मारली, तिला सगळं पुन्हा सांगितलं आणि पुन्हा हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"म्हंजी बंगला रिकामा हाय आसंच पोराला कळलं, त्यानं शबूद न्हाई मोडला," डोळे पुसत ती म्हणाली. "मीच त्याला उगा शिव्या घातल्या. आन तुजी तरी काय चूक? भाषाच येगळी." मग तिनं सहज विचारलं, "तुला कवा कळलं रं हे?"

"काल, बाय," तो म्हणाला.

"तरीच," मैनाबाई म्हणाली. "आदी कळलं आसतं तर तू धावतच आला आसतास."