मोकळे झालेले पाय

गल्लीतल्या सगळ्याच बायका तिला ताई म्हणत, तिच्याहून थोरल्या असलेल्याही. तिचं केस कापायचं दुकान होतं. एक आरसा, एक फिरती खुर्ची, आणि मागच्या खोलीत ताईचा एकटीचा संसार. नवरा अकाली गेलेला, मूलबाळ नाही, भाऊ दूरच्या शहरात. घरात बोलायला कुणी नसलं तरी दुकानात दिवसभर तोंडाला विश्रांती नसे.

संधिवात जुनाच. बोटं वाकडी होत गेली तशी तिने मोठ्या कड्यांची कात्री आणली आणि निभावून नेलं. मग कमरेतली नस दबली. डाव्या पायातून अशी कळ जायची की एकीचे केस होईस्तोवर हिलाच मध्ये बसावं लागे. "आता गिऱ्हाइकालाच उभं करते," ती हसून म्हणायची.

डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. "पायाची कळ जाईल. पण संधिवातात जखम भरायला वेळ लागतो, चिघळण्याची भीतीही जास्त. तुमचं संधिवाताचं इंजेक्शनही मध्ये बंद ठेवावं लागेल."

"उभं राहता आलं म्हणजे झालं," ताई म्हणाली.

ऑपरेशन झालं. भावजय आली, आठवडाभर राहिली, मुलांच्या परीक्षा म्हणून परतली. ती गेली आणि जखम चिघळली. पुन्हा भरती, पुन्हा भूल, जखम उघडून धुतली. इंजेक्शन आणखी लांबलं, तेवढ्यात संधिवाताने डाव साधला. मनगटं सुजून टम्म. कप दोन्ही तळव्यांत धरावा लागे. भाऊ फोनवर विचारायचा, "बरी आहेस ना?" "हो रे, मस्त," म्हणून ती फोन ठेवायची.

तपासणीत डॉक्टरांनी तिला चालायला लावलं. "पायात कळ?"

"अजिबात नाही."

"छान." ते मनापासून खूश झाले. हातांचं त्यांनी विचारलं नाही, तिनेही तो विषय काढला नाही.

इंजेक्शन पुन्हा सुरू झाल्यावर सूज उतरली, पकड काही परत आली नाही. चार केस कापले की कात्री गळून पडायची. शेवटी तिने दुकान बंद केलं.

संध्याकाळी ती फिरायला जाऊ लागली. एकदा कोपऱ्यावर पोस्टातली बाई भेटली, कित्येक वर्षांचं गिऱ्हाईक. ताईला पाहताच तिचा हात आपसूक मानेमागे गेला. केस नुकतेच कापलेले होते.

"तू नव्हतीस ना गं," ती ओशाळून म्हणाली.

"चांगले कापलेत," ताई म्हणाली. "मागे जरा चढलेत. पुढच्या वेळी सांग त्यांना."

"सांगते. आणि तू? चालतेस की झकास."

"हो, पाय छान झालाय. येतेस का घरी, चहा टाकते."

"आज नको गं, घाईत आहे."

ती गेली. ताईचे पाय दुखत नव्हते, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. ती पुढच्या चौकाकडे चालू लागली.