‘ले’च्या जागी ‘ला’

मैत्रिणीचं पुस्तक आलं हे मला तिनं कळवलं नाही, मोबाइलनं कळवलं. दुपारचं जेवण आटोपून मी दिवाणावर पडून अंगठ्यानं एकेक रील वर ढकलत होते, तर मधेच ही. समोर माइक, हातात स्वतःचं नवं पुस्तक, मागे पुस्तकांचं कपाट, आणि म्हणत होती, "मले काय वाटते, आपण आपल्या भाषेले लाजतो, म्हणून ती मरून राहिली." खाली लोकांनी बदाम उधळले होते. एकानं लिहिलं होतं, अस्सल नागपुरी ऐकून कान तृप्त झाले. मी ते दीड मिनिट सात वेळा पाहिलं आणि सातही वेळा माझ्या पोटात दुखलं. हेवा म्हणा, जळफळाट म्हणा, मी त्याला गोड नाव देणार नाही.

अस्सल म्हणे! ही शहरातल्या उच्चभ्रू रामदासपेठेत वाढलेली डॉक्टरची मुलगी. कॉलेजात आली तेव्हा घरी पुस्तकी मराठी बोलायची आणि आमच्यात हिंदी. ‘काहून’, म्हणजे ‘का’, हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला तो माझ्या तोंडून. मी उमरेडहून रोज एसटीनं यायचे. आम्ही विणकर, घरातले बाकीचे लोक दुसऱ्या कामांना लागले होते, पण ओसरीवर एक माग तेव्हा अजून चालू होता. मी ‘मले’, ‘तुले’ म्हटलं की बाकीच्या मुली हसायच्या. ही हसायची नाही, पुन्हा म्हणायला लावायची. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागायचं. सहा महिन्यांत मी ‘मला’, ‘तुला’ म्हणायला शिकले, आणि अशी शिकले की आज तेच माझं पोट भरतं. मी मुद्रितशोधन करते. लोकांची पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सरळ करते, आणि एका बातम्यांच्या पोर्टलसाठी ‘हे वाचून तुम्हीही थक्क व्हाल’ छापाचे मथळे तपासते. इतकी पुस्तकं हाताखालून गेली, त्यात माझ्या नावाचं एकही नाही. ते असावं असं मला फार वाटायचं. अजून वाटतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही दोघींनी मिळून एक वेबसाइट काढली होती. कॉम्प्युटर तिच्या घरचा, कारण माझ्या घरी असण्याचा प्रश्नच नव्हता. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, त्यामुळे आम्ही बसलो की घरचा फोन बंद. एकदा दवाखान्यातला कंपाउंडर सायकल हाणत निरोप घेऊन आला आणि तिच्या वडिलांनी आम्हा दोघींना उभं धुतलं. तरी आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलोच. फुकट जागा देणारी एक परदेशी कंपनी होती, त्या बदल्यात पानाच्या डोक्यावर तिची जाहिरात नाचायची. पिवळीजर्द पार्श्वभूमी, वर उजवीकडून डावीकडे पळणारी स्वागताची ओळ, आणि कोपऱ्यात फावडं मारणारा एक चिमुकला माणूस, म्हणजे काम चालू आहे. ते काम कधी संपलं नाही.

मराठी अक्षरं तेव्हा कॉम्प्युटरवर आपोआप दिसत नसत. ज्याच्या त्याच्या साइटीचा फाँट वेगळा, आणि तो उतरवून घेतल्याशिवाय पानभर नुसता चिन्हांचा चिवडा. म्हणून पहिल्याच पानावर सूचना असायची, अक्षरं दिसत नसल्यास येथे टिचकी मारा. टिचकी हा शब्द कुणी काढला देव जाणे, पण मला भारी आवडायचा. आता लोक क्लिक करतात, टॅप करतात, टिचकी कुणी मारत नाही. पानाच्या तळाशी किती जण येऊन गेले त्याचा आकडा असायचा, आणि त्यातले निम्मे आम्हीच असायचो. शिवाय पाहुण्यांची वही होती. तिथे मस्कतहून, न्यू जर्सीहून लोक लिहायचे, की मुलींनो, फाँट उतरवायला पाऊण तास लागला पण डोळ्यांत पाणी आलं. पाऊण तास! आज पोर्टलवर माझा मथळा वाचणारा माणूस तीन सेकंद थांबला तर संपादक खूश होतो. पण त्या दिवसांबद्दल मी फार हळवं होणार नाही, कारण ते दिवस आठवले की ती आठवते, आणि ती आठवली की रील आठवते.

त्या साइटीचा एक किस्सा मी वीस वर्षं सांगत आले आहे. कुठल्याही पुस्तकवाल्या मंडळींत बसले की माझ्याकडून तो वदवून घेतात. किस्सा असा : मी आमच्या उमरेडच्या घरावर एक लेख लिहिला, आमच्याच बोलीत. मैत्रिणीला ती भाषा गावंढळ वाटली. तिनं मला न विचारता कॉम्प्युटरला एकच हुकूम दिला, सगळे ‘ले’ काढ आणि जागी ‘ला’ घाल. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. ‘मले’चं ‘मला’ झालं ते ठीक, पण ‘लेकरू’चं झालं ‘लाकरू’. विणकराची लेक झाली विणकराची लाक. विणलेलं लुगडं विणलालं झालं, आणि घरातली सगळी माणसं कामावर ‘गेला’. पाहुण्यांच्या वहीत मस्कतच्या एका गृहस्थांनी आदरानं विचारलं होतं, लाकरू हा उमरेडकडचा खास शब्द आहे का? इथे लोक पोट धरून हसतात. मग मी शेवटचं वाक्य टाकते, तर अशी माझी भाषा रामदासपेठेनं धुऊन काढली. ते वाक्य मी फार तयारीनं टाकायचे.

रील पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सीताबर्डीला जाऊन तिचं पुस्तक विकत आणलं. तिनं एक प्रत पाठवायला हवी होती. वर्षातून एकदा वाढदिवसाला का होईना, आम्ही बोलत होतो. ऋणनिर्देशाचं पान आधी उघडलं. वडील, नवरा, मुलगी, प्रकाशक, स्वयंपाकाच्या मावशी, घरातलं मांजर. मी नाही. पुन्हा वाचलं, तरी मी नाही. मग दुसरं प्रकरण उघडलं. उमरेडचं घर होतं ते. आमची ओसरी, आमचा माग, सुताच्या कांड्या भरत बसलेली माझी आजी, आणि चुलीपुढून मान वळवून माझी आई म्हणते, "बाई, तुले भूक लागली असन. बस, मी भाकर टाकूनच राहिली." हे वाक्य मला तोंडपाठ होतं. हा माझा लेख होता. आधी बोली धुतली, आणि आता बोलीला भाव आल्यावर न धुतलेला लेख स्वतःच्या नावावर छापला.

त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आईला फोन करून सांगणार होते, पण तिला काय कळणार म्हणून राहिले. ठरवलं एवढंच, की ते जुनं पान शोधायचं आणि तिच्या पुढ्यात टाकायचं. रीलच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं.

जागा देणारी कंपनी कधीच बुडाली होती. पण मेलेल्या साइटींच्या प्रती जपून ठेवणारी एक जागा इंटरनेटवर आहे, तिथे मी पत्ता टाकला. पत्त्यातलं नागमोडी चिन्हसुद्धा मला आठवत होतं. पान उघडलं. तीच पिवळी पार्श्वभूमी, तो फावडंवाला माणूस अजून फावडं मारत होता, आणि खाली चिन्हांचा चिवडा. फाँट नव्हता. टिचकी मारायच्या जागेवर मी टिचकी मारली, तर तिथे आता काहीच नव्हतं.

पण असले जुने फाँट कुणाकडे असतात हे मला धंद्यानं माहीत होतं. सीताबर्डीच्या एका गल्लीत लग्नपत्रिका जुळवणारे एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. पत्रिकेची वळणदार अक्षरं अजून त्याच फाँटांत निघतात. मी त्यांच्याकडे तो सगळा चिवडा घेऊन गेले. त्यांनी तो उघडला, दोन-तीन फाँट लावून पाहिले, आणि चौथ्याला पडद्यावर मराठी उभं राहिलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. ते मोठ्यानं वाचायला लागले आणि थांबले.

"म्याडम, हे लाकरू काय होय जी?"

"चूक आहे ती," मी म्हणाले. "लेकरू. खाली जा, शेवटी लेखिकेचं नाव असेल. त्या पानाची मला प्रिंट हवी."

ते खाली गेले. शेवटी दोन ओळी होत्या, आणि कॉम्प्युटरनं त्याही सोडल्या नव्हत्या. पहिली, लाखन, आणि पुढे तिचं नाव. दुसरी, शुद्धलाखन, आणि पुढे माझं.

गृहस्थ हसायला लागले. "शुद्धलाखन," ते म्हणाले, "हे लय भारी हाय. कोनं केलं असन हे?"

मी म्हटलं, "मी."

मला ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं, पण तिथे उभ्या उभ्या सगळं आठवलं. मैत्रीण आमच्या घरी दोन दिवस राहायला आली होती. मागाजवळून हलत नव्हती, आईच्या मागे मागे फिरून तिचं बोलणं वहीत उतरवून घेत होती. परत आल्यावर लेख तिनंच लिहिला, आणि मी तपासायला बसले. चुलीपुढच्या आईचं वाक्य वाचलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्यू जर्सीचे लोक हे वाचणार, माझी आई अशी बोलते हे त्यांना कळणार. मैत्रीण चहा करायला आत गेली होती तेवढ्यात मी तो हुकूम दिला. ती कप घेऊन बाहेर आली, पडद्याकडे पाहिलं आणि माझा कप माझ्यापुढे ठेवला. पुढे साइटवर तिनं दुसरं काही लिहिलं नाही. पुढे म्हणजे कधीच नाही. आणि मी त्या लेखाचा किस्सा करून वीस वर्षं लोकांना हसवलं.

माझा हेवा यानं निवला असं वाटत असेल तर तसं झालं नाही. उलट आता तो जास्त कडू झाला. चोरीचा आळ घेता येत होता तोवर निदान माझी बाजू खरी होती. आता तिच्याकडे पुस्तक होतं आणि माझ्याकडे शुद्धलाखनाची प्रिंट. घरी येऊन मी एक खटाटोप करून पाहिला. वही घेतली, आणि आमच्या घराबद्दल आमच्या बोलीत एक पान लिहायला बसले. ‘मले आठवते’ एवढं लिहिलं. पुढचं वाक्य धुतलेलंच आलं. खोडून बोलीत केलं, तर नाटकातल्या खेडवळ पात्रासारखं वाटलं. चार ओळींनंतर मी स्वतःचीच चूक सुधारल्यासारखं ‘मले’ खोडून ‘मला’ केलं, आणि ते केल्यावरच माझ्या लक्षात आलं. मग मी तिला फोन लावला.

"काहून वं," ती म्हणाली, "आज कशी काय आठवण आली?"

"पुस्तक वाचलं तुझं," मी म्हणाले. "छान झालंय."

"खरं सांगून राहिली?"

"खरं. दुसरं प्रकरण सगळ्यात चांगलं आहे." हे म्हणताना मला दातांवर दात दाबावे लागले, पण ते खरंच होतं. मग मी विचारलंच. "मला प्रत का नाही पाठवलीस? ऋणनिर्देशात मांजर आहे, मी नाही."

"तुझं नाव होतं वं," ती म्हणाली. "सगळ्यात पहिलं होतं. हे बोलणं मी हिच्यापासून आन् हिच्या मायपासून शिकली, असं लिहिलं होतं. छापायच्या टायमाले काढलं. मले वाटलं तुले लाज वाटन. तूच तर पुसलं होतं ते सगळं. प्रत बी पॅक करून ठेवली होती तुह्या नावाची. मग वाटलं, तू लाल पेन घेऊन बसशीन."

मी पुढ्यातली शुद्धलाखनाची प्रिंट उलटी करून ठेवली.

"राग नको मानू," ती म्हणाली, "पण एक विचारू? तू माह्याशी हे असं बोलते ते ठीक आहे. आईशी बी असंच बोलते का?"

"नाही," मी म्हणाले. "आईशी कशाला असं बोलेन?"

खोटं बोलले. आईशी मी असंच बोलते, कित्येक वर्षांपासून. आणि फोनवर माझा आवाज आला की आई जपून बोलायला लागते. ‘मले’ म्हणते, थांबते, आणि माझ्यासाठी ‘मला’ म्हणते.