खंडेनवमीनंतरचं नेटवर्क

दाजीबानपेठेतल्या आमच्या कापडाच्या पेढीत दसऱ्यानंतरची पहिली सकाळ बन्नी देण्याघेण्यात जाते. शमीची चार पानं एकमेकांच्या हातात ठेवायची, 'बन्नी तगोंडु बंगारदांग इरूणु' असं कानडीत म्हणायचं, म्हणजे पानं घेऊन सोन्यासारखं राहूया, आणि धाकट्यानं थोरल्याच्या पाया पडायचं. त्या वर्षी ते सकाळी अडूनच राहिलं, कारण अण्णांच्या कॉम्प्युटरवर नेटवर्क येईना.

अण्णा आमचे जुने दिवाणजी. थोरल्या मालकांनी त्यांना कॉम्प्युटर शिकायला बसवलं तेव्हाच त्यांचे केस पिकायला लागले होते. आम्ही बाकीचे वाय-फायवर, आपापल्या लॅपटॉपशी. अण्णांचा एकट्याचाच भिंतीजवळचा जुना डबा, वायरीवर चालणारा, आणि पेढीची बिलं निघतात ती त्याच डब्यातून. दारात गदगला जायचा टेम्पो भरून उभा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली.

थोरले मालक गेल्यापासून गादीवर त्यांचा मुलगा बसतो. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. "अण्णा, तुम्ही नको ते काय तरी दाबलासा बगा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, पण अण्णांना ऐकू जाईल अशा बेतानं, दिवाळीनंतर इथं एखादी शिकलेली मुलगी बसवू म्हणाला, अण्णा खाली कापडाची ठाणं बघतील. खाली बघायचं म्हणजे दिवसभर उभं राहायचं. अण्णांच्या गुडघ्यांना आमचा जिनाच जड जातो. आणि गुडघ्यांचं एक वेळ सोडा, त्या खुर्चीत त्यांना थोरल्यांनी हाताला धरून बसवलेलं होतं.

मला राग आला. पण केशवापूरहून बसमध्ये उभ्यानं आलेल्या बाईला सकाळी सकाळी भांडायचा उत्साह नसतो, म्हणून मी पदर खोचला आणि डब्याला लागले. पेढीत कुठल्याही यंत्राचं काही बिनसलं की मलाच हाक मारतात. कारण एवढंच, की मी घाबरत नाही.

अण्णा बाजूला स्टुलावर बसले. "माझ्या हातून काय दाबलं गेलं असेल ते आठवतो," म्हणाले, आणि डोळे मिटून खरंच आठवत राहिले. मला ते बघवेना.

डबा बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला, तेव्हा आमच्या बाकीच्यांचंही नेटवर्क गेलं आणि दोघांनी कुरकुर केली. सेटिंग्ज उघडून बघितल्या, त्यात काही बदललेलं नव्हतं. मग अण्णांची वायर काढून माझ्या लॅपटॉपला लावली, तर नेटवर्क लगेच आलं. म्हणजे वायर ठणठणीत होती, राउटर ठणठणीत होता, दुखणं डब्यातच होतं. वायर परत डब्याला लावली, तर नेहमीसारखा 'टक्' आवाज आला नाही. ती पुरती आत जातच नव्हती.

वाकून मोबाइलची बॅटरी मारली. खोबणीत तळाशी काहीतरी लाल दिसलं. डबा बंद करून भुवयांच्या चिमट्यानं ते काढलं, तर कुंकवात भिजून वाळलेला तांदळाचा दाणा. अक्षता.

मग सगळा उलगडा झाला. खंडेनवमीला आमच्याकडे तराजूपासून टेबलफॅनपर्यंत सगळ्याची पूजा होते, आणि ती मालकाच्या आई करतात. ज्या बाजूला पंखा, भोकं आणि खोबणी, तेच यंत्राचं तोंड, अशी त्यांची ठाम समजूत. त्यांनी अण्णांना वायर काढून डबा फिरवायला लावला होता, आणि त्याच्या पाठीला हळदकुंकू लावून, ओल्या अक्षता चांगल्या मूठभर वाहिल्या होत्या. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. मालकही होता.

वायर लावली. 'टक्' झालं आणि लाल फुली गेली. काय होतं म्हणून मालक विचारायला आला, तेव्हा मी तळहात पुढे केला. त्यानं एकदा डब्याच्या कुंकू लागलेल्या पाठीकडे बघितलं, मग स्टुलावरच्या अण्णांकडे. मला वाटलं, आता हसून मोकळा होईल. पण तो देव्हाऱ्याकडे गेला, ताटातली बन्नी आणून अण्णांच्या हातात ठेवली, आणि वाकला. बन्नीचे ते कानडी शब्द तो पुटपुटला. "दिवाळीनंतर कोण येत नाही, अण्णा," तो म्हणाला.

अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग गुडघ्यावर भार देत उठले आणि आपल्या खुर्चीत बसले.

"येऊ दे की ती पोरगी," ते म्हणाले. "मी हाय तवर शिकंल माझ्याजवळ."

आणि चष्मा पुसून त्यांनी गदगचं बिल काढायला घेतलं.