खोक्यातली वीज

आमची खोली शहरात, निजामपुऱ्यात होती, दोन्ही बाजूंना कापडाचे माग, म्हणजे लूम. माझे मिस्टर लूमच्या मोटरी दुरुस्त करायचे आणि लग्नसराईत लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. शहरात काही अडत नसे. पण शेतात मांडव घातला की तिथं वीज कुठली, आणि हळदीला गाणी तर सगळ्यांनाच हवी. एका बॅटरीवर थोडा वेळ रेकॉर्ड वाजायच्या, मग आवाज रडवेला व्हायचा आणि नाचणारे चिडायचे. म्हणून त्यांनी ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या आणल्या, फळ्यांचं खोकं ठोकलं, आत रबर अंथरलं, बॅटऱ्या जाड वायरनं एकमेकींना जोडल्या आणि उचलायला दोन्हीकडे दोरखंडाच्या मुठी लावल्या. जवळच्या पूर्णा गावातल्या एका हळदीचं कामही घेऊन टाकलं.

चार्जिंग खोलीतच चालायचं. बॅटरीत बुडबुडे यायचे, घशाला खवखवणारा वास सुटायचा. आमची मुलगी तेव्हा तान्ही होती. मी पाळणा दाराकडे ओढायचे, ते पुन्हा आत सरकवायचे, कारण दारातून कापसाची धूळ यायची. मला त्या खोक्याजवळून जायलाही नको वाटायचं. हे बाहेर ठेवा, असं मी म्हणाले, तर चोरीला जाईल म्हणाले.

त्या दुपारी स्टो पेटवायच्या आधी मी पाळणा उचलून दाराबाहेर ठेवला. का, ते आजही सांगता येत नाही. स्टोला काडी लावायच्या आत यांनी चार्जर बंद न करताच बॅटरीला लावलेला वायरीचा चिमटा ओढला. ठिणगी उडाली, बॅटरीतून सुटणारा वायू पेटला, वरचं झाकण फुटलं आणि आतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, यांच्या तोंडावर उडालं. आवाज मोठा होता, पण लूमच्या खडखडाटात गल्लीत कुणाला ऐकू गेला नाही. हे दोन्ही हातांनी डोळे दाबून खाली बसले होते.

मी दारात जाऊन ओरडले. समोरच्या शेजारणीला, आम्ही त्यांना खाला म्हणायचो, माझा आवाज पोचला नसेल, पण तोंड दिसलं असणार. त्यांच्या नवऱ्याच्या लूम होत्या, कापड रंगवायच्या कामामुळे तेजाब त्यांना माहीत होतं. आत येताच त्यांनी यांचे हात डोळ्यांवरून खेचले.

"पानी डाल," त्या म्हणाल्या. "रुक मत. तो बस म्हणाला तरी थांबू नको."

पिंपातलं पाणी संपलं तसं त्यांच्या घरून आलं. मी ओतत राहिले. पापणीआडचा लालभडक डोळा दिसत होता, आणि मनात एकच की, हा माणूस आता मला कधी दिसणार नाही. खरं तर मी त्यांना दिसणार नाही, असं म्हणायला हवं होतं. पण भीतीत मला उलटंच सुचत होतं.

डॉक्टरांनी डोळे बांधले. एक डोळा वाचला, दुसऱ्यापुढं धुकं राहिलं.

यांच्या डोळ्यांवर पट्टी असतानाच मी मुलीचं दुपटं धुवायला घेतलं. पाण्यात चोळलं तर तेजाबानं खाल्लेली चाळण हातात आली. पाळणा मी बाहेर नेला होता, दुपटं आत दोरीवर राहिलं होतं. मी मोरीत बसूनच राहिले.

मला वाटलं, आता खोकं जाईल. पण पट्टी सुटल्यावर त्यांनी फुटलेली बॅटरी बदलली, चार्जिंग खालांच्या घरामागच्या उघड्या अंगणात नेलं आणि पूर्ण्याचं काम ठरल्याप्रमाणे करायचं म्हणाले. भांडून उपयोग झाला नाही. मुलीला खालांकडे ठेवून मी बैलगाडीत त्यांच्याबरोबर बसले.

मांडवात पोचेपर्यंत उजेड कमी झाला होता. त्यांनी वायरी हातात घेतल्या, डोळ्यांजवळ नेल्या आणि थांबले.

"लाल कुठली?" त्यांनी हळूच विचारलं. "मला सांगू नको, तूच लाव."

मी पदरानं हात पुसले. तोंड जमेल तितकं दूर धरून लाल वायर लावली, मग काळी. काही झालं नाही. गाणं सुरू झालं आणि बायका उठल्या. नवरीची आई मला बोलवायला आली.

"चल ना बाय, नाचाया."

"न्हाय, मी हितंच बरी हाय," मी म्हणाले.

कोणती गाणी वाजली, मला आठवत नाही. मी खोक्याकडे बघत होते आणि कुणी विडी पेटवून जवळ आला की त्याला लांब जायला सांगत होते. गाणी शेवटपर्यंत वाजली. त्यानंतर आमचं खोकं गावोगाव गेलं, माणसं आगाऊ सांगून ठेवू लागली. वायरी मीच लावायची. हात सरावले, पण चिमटा लावताना श्वास आपोआप कोंडायचा, आणि ते शेवटपर्यंत गेलं नाही.